हॅरिस हॉक शेवटच्या हाकेला झाडावरून उतरत नाही? वजन कमी करण्याआधी हे वाचा

पहिल्या चार-पाच हाकांना पक्षी सरळ हातमोज्यावर येतो. तुकडा घेतो, पुन्हा झाडावर जातो, सगळं छान चाललेलं असतं. घरी निघायची वेळ झाली, शेवटची शिट्टी वाजली, की मात्र फांदी सोडत नाही. खाली बघतो, मान वळवतो, निवांत पिसं साफ करायला लागतो. जानेवारीतली दुपार, चार वाजताच उजेड जायला लागलेला, आणि खाली माणूस हात उंच धरून शिट्ट्यांवर शिट्ट्या मारतोय. इंग्लंडमध्ये हॅरिस हॉक हा पाळीव शिकारी पक्षी उडवणाऱ्या नवख्यांची ही ठरलेली तक्रार. वजन उतरलं की भूक वाढते आणि पक्षी हाकेला येतो, या हिशेबाने तिच्या पाठोपाठ येणारा प्रश्नही ठरलेला: "वजन अजून किती खाली आणू?"

बहुतेक वेळा माझं उत्तर असतं, आणूच नका. पाच हाकांना आलेला पक्षी सहाव्या हाकेपर्यंत एकाएकी जड होत नाही. तुकडे नखाएवढे दिले असतील तर त्याच्या पोटात जेमतेम पाच-दहा ग्रॅम गेलेले असतात.

पुढे जाण्याआधी एक सांगून टाकतो. हे सगळं ब्रिटनमधल्या, बंदिवासात जन्मलेल्या, पायात कडं असलेल्या पक्ष्यांबद्दल आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली शिक्रा, ससाणा, घार यांपैकी काहीही पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे. सुट्टीत गावी गेलात आणि कुणी घरट्यातून पडलेलं पिल्लू आणून दिलं, तर वनखात्याला कळवायचं. इथे शिकलेलं तिथे करून बघायचं नाही.

तक्रार एकच दिसली तरी तिच्यामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. पक्षी नेमका कधी येत नाही, एवढं बघितलं की त्या वेगळ्या करता येतात. पहिल्याच हाकेपासून टाळाटाळ असेल तर वजन, तब्येत किंवा भीती. कुंपणाच्या खांबावरून येतो पण उंच ओकवरून येत नाही, तर त्याला उतरता येत नाहीये. आणि सुरुवातीला येतो, शेवटी येत नाही, तर ते तुम्हीच शिकवलेलं आहे.

शेवटची हाक

हातावर गेलं की घास मिळतो आणि पुन्हा उडायला मिळतं, हे पक्ष्याला कळलेलं असतं. पण एक हाक अशी असते की तिच्यानंतर तुमची बोटं त्याच्या पायांतल्या चामडी पट्ट्यांवर, म्हणजे जेसवर, घट्ट बसतात. क्लिप लागते, उरलेलं मांस झटकन पिशवीत जातं, आणि मग अंधाऱ्या पेटीतून घरापर्यंतचा प्रवास. ती हाक ओळखूही येते. तुम्ही गाडीकडे तोंड करून उभे असता, पिशवी आवरलेली असते, शिट्टी जरा जोरात वाजते. खेळात रमलेल्या पोराला आईची "चल, अभ्यासाला बस"वाली हाक पहिल्या अक्षराला कळते, तसंच हे. हॅरिस हुशार पक्षी आहे, त्याला हे उमगायला फार दिवस लागत नाहीत.

इलाज दोन अंगांनी करायचा. पहिलं अंग म्हणजे शेवटची हाक दिवसातली सगळ्यात फायद्याची करायची. हॅचरीतून येणारी, गोठवलेली एक दिवसाची कोंबडीची पिल्लं हा इथला रोजचा खुराक. एकाचं वजन ३५ ते ४० ग्रॅम. हॅरिस नराला दिवसाला साधारण दोन लागतात. त्यातलं बरंचसं शेवटच्या हाकेसाठी राखून ठेवा आणि मधल्या हाकांना खरोखर नखाएवढंच द्या. बरेच जण उलटं करतात: सुरुवातीला हात सैल, शेवटी पिशवीत चिमूटभर उरलेलं.

आता हातावर आल्यावर काय करायचं ते नीट सांगतो, कारण काम बिघडतं ते इथेच. मोज्याच्या मुठीत पिल्लू असं धरा की अर्धं बाहेर, अर्धं अंगठ्याखाली दाबलेलं. पक्षी बसला की हात स्थिर. तो आधी खाण्याकडे बघेल, मग तुमच्या चेहऱ्याकडे, आणि मग पंख थोडे पसरून, शेपूट उघडून खाण्यावर वाकेल. याला मॅन्टलिंग म्हणतात: हे माझं आहे, कुणी हात लावायचा नाही. या क्षणी मोकळा हात वरून आला की उद्या तो आणखी पसरणार, परवा मोज्यालाच नखं रोवणार. म्हणून हात खालून, मोज्याच्या मागून न्यायचा. लोंबणारी जेसची टोकं दोन बोटांत धरून हळूच तळव्यात घ्यायची, पण ओढायची नाहीत. त्याने खाणं थांबवून पायाकडे बघितलं तर तुम्ही ओढलंत असं समजा. पाच-सहा घास होऊ द्या, मान खाली असताना क्लिप लावा, आणि खाणं संपेपर्यंत तिथेच थांबा. गवतावर बसलात तरी चालेल. घाईने गाडी गाठायची सवय पहिली सोडा.

काही कारणाने मोठा तुकडा काढून घ्यावाच लागला, तर हिसकावू नका. दुसऱ्या हातात छोटा तुकडा दाखवा, तो घ्यायला मान वळली की मोठा अंगठ्याखाली सरकवून मुठीत झाका. पक्ष्याच्या हिशेबी सौदा झाला, चोरी नाही.

दुसरं अंग म्हणजे शेवटची हाक शेवटची म्हणून ओळखूच येऊ नये. मध्येच क्लिप लावा, वीस पावलं चाला, एक घास द्या, क्लिप काढा आणि पुन्हा झाडावर सोडा. मोठा तुकडा कधी तिसऱ्या हाकेला द्या, कधी सातव्या. गाडीपाशी संपवू नका. शेताच्या पलीकडच्या कोपऱ्यात संपवा आणि पक्षी हातावर घेऊन चालत या. रिकाम्या मुठीवर बोलावण्याची पद्धत काही अनुभवी लोक वापरतात, त्यामागे तर्कही आहे, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. विश्वास बसायच्या आधीच उधारी सुरू होते.

शिट्टीबद्दलही थोडं. एक शिट्टी, हात वर, मनात दहापर्यंत मोजा. नाही आला तर हात खाली घ्या, पाठ वळवा आणि चालू लागा. पंधरा मिनिटं झाडाखाली हात वर धरून उभं राहिलात तर पक्षी एवढंच शिकतो की शिट्टी वाजली तरी घाई नाही, मांस कुठे जात नाही. चालत्या माणसामागे हॅरिस येतो. अमेरिकेच्या नैऋत्य भागापासून खाली चिली-अर्जेंटिनापर्यंत पसरलेला हा पक्षी कुटुंबाच्या टोळीने शिकार करतो. शिकारी पक्ष्यांत ही दुर्मीळ गोष्ट. माणसाच्या मागोमाग झाडाझाडावरून येणं त्याला मुळातच जमतं, म्हणून तर नवख्याच्या हाती पहिला पक्षी बहुधा हाच देतात. गॉसहॉककडून ही अपेक्षा धरू नका. तो एकटा शिकारी. तुम्ही निघून गेलात तर तो आपल्या वाटेने जाईल.

हे सगळं नेमाने केलं तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. मध्ये एखाद्या दिवशी अंधार पडतोय म्हणून घाईने झडप घालून पकडलंत, तर पुन्हा पहिल्यापासून.

येत नाही की येता येत नाही

नवा पक्षी क्रियान्सवर शिकतो. क्रियान्स म्हणजे तीस-पन्नास मीटरची हलकी दोरी. सपाट मैदान, खांबावरून हातावर, रोज अंतर वाढवायचं. मग तो भरवशाचा झाला की दोरी सुटते आणि पहिल्याच आठवड्यात साहेब पंधरा मीटर उंच झाडाच्या शेंड्यावर. तिथून फांद्यांमधून वाट काढत तीव्र उतारावर खाली येणं त्याने आयुष्यात केलेलं नसतं.

असा पक्षी ओळखणं सोपं आहे. मान वरखाली करून अंतर जोखतो, पाय बदलतो, फांदीच्या टोकाकडे सरकतो, पुढे झुकून पंख अर्धे उघडतो आणि पुन्हा मिटतो. पिसं अंगाशी घट्ट, नजर मोज्यावर. त्याला भूक आहे, त्याला यायचंय. याचं वजन आणखी उतरवणं म्हणजे निव्वळ अन्याय.

इथे जागा तुम्ही बदलायची. झाडाच्या बुंध्यापाशी उभं राहून वर बघणं हे सगळ्यात वाईट. तीस-चाळीस मीटर लांब जा, म्हणजे त्याला तिरकी, मोकळी वाट मिळते. वारा तुमच्याकडून पक्ष्याकडे वाहत असावा. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन नीट उतरतो, पाठीवर वारा घेऊन उतरताना त्याचा तोल जातो आणि तो तुमच्या डोक्यावरून पलीकडच्या झाडावर निघून जातो. लोक त्याला पळाला म्हणतात. खरं तर त्याला थांबता आलेलं नसतं.

सराव द्यायचा तर उताराची जमीन शोधा. पक्षी वरच्या खांबावर, तुम्ही टेकडीच्या पायथ्याशी, दोरी अजून लावलेली. कोन हळूहळू वाढवत न्या. मात्र दोरी लावून झाडावर कधीही सोडू नका. गुंता झाला की पक्षी उलटा लटकतो आणि वर चढायला शिडी नसते.

वजन

वजन महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाहीये. सगळं प्रशिक्षण भुकेवर चालतं. पण आकडा नीट घेतला तरच त्याला अर्थ. रोज एकाच वेळी, काही खायच्या आधी, आणि रात्रीची गोळी टाकून झाल्यावरच. न पचलेली पिसं आणि लव पक्षी दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी करून तोंडावाटे टाकतो; याला कास्टिंग म्हणतात. गोळी पोटात असताना तो हाकेला येत नाही आणि काट्यावरचा आकडाही खोटा असतो. पेटीत गोळी सापडली नाही तर उडवायचं नाही, इतका साधा नियम आहे आणि तो सर्रास मोडला जातो.

हॅरिसच्या नराचं उडायचं वजन बहुधा ५७० ते ६८० ग्रॅमच्या दरम्यान, मादीचं ८५० ते १,०५० च्या आसपास. हे फक्त कुंपण आहे. ६२० ग्रॅमच्या नरात दहा-पंधरा ग्रॅमने स्वभाव पालटतो. दुसऱ्याच्या पक्ष्याचा आकडा आपल्या वहीत उतरवण्याला काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, ऑक्टोबरमधलं वजन जानेवारीत चालत नाही. पीसपालट संपून उडायला लागलेला पक्षी सुरुवातीला चरबीवाला असतो; तीन महिने उडाला की छातीचे स्नायू भरतात आणि स्नायू जड असतात. त्यामुळे काट्यावर तोच आकडा दिसत असेल तर चरबी गेलेली असते. त्यात शून्याखालची थंडी असली की रात्रभर अंग गरम ठेवण्यातच बरंच खर्च होतं. हिवाळ्यात बहुतेक धडधाकट पक्ष्यांचं उडायचं वजन वर न्यावं लागतं. काट्याबरोबर बोटंही वापरा. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना स्नायू गोलसर लागले तर ठीक. हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं तर उडवणं बंद, खायला घाला.

जड पक्षी आणि अशक्त पक्षी दोघंही झाडावरून येत नाहीत, आणि घोटाळा इथे होतो. जड पक्षी ऐसपैस असतो: एक पाय पोटाखाली, पिसं सैल, आसपासच्या कावळ्यांत जास्त रस. अशक्त पक्षीही पिसं फुगवतो, पण त्याचे डोळे गोल राहत नाहीत, लंबगोल होतात. हालचाल मंद, शीट हिरवट. अशा पक्ष्याला "अजून जड आहे" समजून खुराक कापला तर तो दोन दिवसांत जातो. थंडीत नर फारच लवकर जातात. वजन उतरवायचंच झालं तर मी दिवसाला एक-दोन टक्क्यांच्या पुढे जात नाही. कोवळ्या पक्ष्याला पहिल्याच मोसमात घाईने खाली आणलं तर तो किंचाळायला लागतो, आणि ती सवय नंतर सुटत नाही. खुराक तोच असून वजन घसरत असेल, गोळीला वास येत असेल, तोंडात पिवळट डाग दिसत असतील, तर ती पक्ष्यांच्या डॉक्टरची कामं आहेत.

पाण्यात भिजवून सत्त्व काढलेलं मांस देऊन पोट भरल्यासारखं ठेवायचं, ही जुनी युक्ती अजून सांगितली जाते. मला ती पटत नाही. खुराक मोजून द्या, वही ठेवा: वजन, खाल्लेलं, हवा, आणि हाकेला कसा आला.

बाकीची किरकोळ कारणं

वारा जोरात असेल तर नवखा पक्षी उडवू नका, संपलं. पावसाने भिजलेला पक्षी पंख पसरून वाळत बसतो, तासभर हलणार नाही. आंघोळीची तलफ आलेला पक्षी नाल्याकडे जातो. सकाळी घरी पाण्याचं पसरट भांडं ठेवलं की हा प्रश्न सुटतो. फेब्रुवारीअखेर ऊन तापू लागलं की गरम हवेचे झोत उठतात आणि पक्षी त्यावर चढून घिरट्या घालू लागतो. कावळे किंवा बझर्डसारखे स्थानिक शिकारी पक्षी मागे लागले असतील तर तो दाट फांद्यांत दडून बसतो; तुम्ही तिथून हललात की तोही हलतो.

भीतीचं थोडं वेगळं आहे. माणसाळवताना ज्या गोष्टी दाखवल्या नाहीत त्या सगळ्या त्याला धोका वाटतात: नवं पिवळं जॅकेट, छत्री, बाबागाडी. आणि परका कुत्रा. जुने बाजदार म्हणतात की हॅरिसच्या मूळ मुलुखात कोयोटी, म्हणजे कुत्र्यासारखा दिसणारा रानटी प्राणी, हा त्यांचा वैरी, म्हणून कुत्र्याला बघून ते बिथरतात. कारण काहीही असो, बिथरतात हे खरं. पाहुणे कुत्र्यासह आले असतील तर आधी कुत्रा गाडीत.

ल्यूर, आणि आखातातल्या मंडळींसाठी थोडं

ल्यूर म्हणजे दोरीला बांधलेलं नकली सावज. हॅरिससाठी बहुधा सशाच्या कातडीचं. ते अडीअडचणीचं साधन आहे. आठवड्यातून एखाद्या वेळीच काढा, आणि काढलंत की त्यावर भरपेट खाऊ घाला. रोज काढलंत किंवा त्यावर चिमूटभरच ठेवलंत, तर खरी गरज पडेल त्या दिवशी पक्षी ढुंकूनही बघणार नाही.

दुबई-अबू धाबीकडे सगळा कारभारच याच्यावर चालतो. तिथे सेकर आणि बहिरी ससाणे, डोळ्यांवर बुर्का म्हणजे टोपी, बसायला वकर, मनगटावर मनगला, आणि बोलावणं तिलवावर, म्हणजे पिसांच्या ल्यूरवर. झाडं कमी, त्यामुळे शेंड्यावर रुसून बसण्याचा प्रश्न फारसा येत नाही. तिथली तक्रार अशी की ससाणा तिलवावर उतरतो, आणि माणूस जवळ येताच खाणं पंजात घेऊन उडतो. इंग्रजीत याला कॅरिंग म्हणतात. मूळ मात्र तेच: जवळ आलेला माणूस खाणं काढून घेतो, असं त्याने अनुभवलेलं. ल्यूर थोडं जड ठेवा म्हणजे उचलता येणार नाही, सरळ चालत जाऊ नका, वाकून, कडेकडेने जा, आणि दर वेळी हातात आणखी एक घास घेऊन जा. तुमच्या येण्याने खाणं वाढतं, हे एकदा पटलं की तो जागचा हलत नाही.

अंधार पडलाच तर

दगड मारू नका, फांदी हलवू नका, झाडावर चढू नका. मावळतीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत बरेच पक्षी अस्वस्थ होऊन खाली येतात, तेवढा वेळ ल्यूर काढून थांबा. नाहीच आला तर तो त्या झाडावर झोपेल. फोनवर जागा टिपून ठेवा, पक्ष्याच्या अंगावरच्या, तो शोधायच्या ट्रान्समीटरच्या बॅटरीत किती जीव आहे ते बघा, आणि जमिनीच्या मालकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर पहाटे टॉर्च घेऊन शेतात शिरलेला माणूस बघून तो पोलिसांना बोलावेल.

उडवताना जेस फील्डचेच हवेत, टोकाला चीर नसलेले. घरच्या जेसच्या टोकाच्या चिरेत फांदी अडकते, आणि अशा अडकलेल्या पक्ष्याला सकाळी जिवंत गाठणं कठीण. घोट्याभोवतीच्या एल्मेरी कड्यांमुळे जेस बदलणं मिनिटाचं काम आहे, आळस करू नका.

पहाटे उजाडायच्या आधी त्याच झाडाजवळ पोचा, उजाडल्यावर नाही. पक्षी पहिल्या उजेडात हलतो आणि कावळेही तेव्हाच उठतात. एक शिट्टी, हातात पूर्ण पिल्लू. आला की पोटभर खाऊ द्या, पायांचे तळवे आणि शेपटीची पिसं तपासा, आणि त्या दिवशी पुन्हा उडवू नका. सकाळचं वजन वहीत लिहा, पण त्यावरून खुराक ठरवू नका. रात्र थंडीत काढलेली असते, आणि तुम्ही पोचायच्या आत त्याने एखादा उंदीरही मारलेला असू शकतो. पुढची गोळी पडू द्या, मग काटा काढा.